पेटीचे कातडे : कापावे कसे, बसवावे कसे

राधानगरीसारख्या मुसळधार पावसाच्या भागात बाजाची पेटी नादुरुस्त होते ती पुष्कळदा सुरांमुळे नव्हे, कातड्यामुळे. जूनपासून चार महिने हवा ओली. कातडे ओल धरते, बुरशी येते, सरस सुटतो. उन्हाळ्यात तेच कातडे आक्रसून कडक होते. मग भाता कितीही मारा, हवा टिकत नाही. गिऱ्हाईक मात्र "सूर बसले" म्हणत येते. पेटी भजनी मंडळाला लागते तशी कव्वालांनाही लागते. तेव्हा रापी चालवणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंनी हे काम जोडधंदा म्हणून शिकावे, असे आम्हांला वाटते.

पायाने चालणाऱ्या युरोपी हार्मोनिअमला हाताचा भाता दिला तो कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी, १८७५ च्या सुमारास. हाताच्या भात्यात हवा थोडीच साठते, म्हणून लहानशी गळतीही लगेच जाणवते. कातडे असते भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर, आतल्या झडपेवर, पट्ट्यांखालच्या भोकांच्या झाकणांवर आणि सुरांची फळी जिथे पेटीवर टेकते त्या काठावर. या शेवटच्या जागेकडे फार दुर्लक्ष होते.

आपल्याकडे चपलेचे कातडे सहज मिळते, पण ते इथे चालत नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले कोल्हापुरी कातडे (ज्याच्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले) मजबूत खरे, पण ताठ. ते दबत नाही आणि फट बुजत नाही. मेंढीचे मऊ, एकसारख्या जाडीचे कातडे घ्यावे. पाठीचा भाग वापरावा. पोटाकडचा ताणला जातो.

जुनी पट्टी कोमट ओल्या फडक्याने भिजवून काढावी. तिचा नमुना धरू नये, ती आक्रसलेली असते. माप लाकडावरूनच कागदावर उतरावे. लोखंडी पट्टी धरून धारदार पात्याने एका ओढीत कापावे. कात्रीने कड वाकडी जाते. कोपऱ्यात दोन्ही टोके उतरती तासून एकावर एक घ्यावीत, म्हणजे जाडी वाढत नाही. स्क्रूची भोके पंचाने गोल पाडावीत, चीर दिली तर ती फाटत जाते. झाकणांचे कातडे लवदार बाजू भोकाकडे ठेवून लावावे. जुन्यापेक्षा जाड लावले तर पट्ट्या समपातळीत राहत नाहीत.

सरस पातळ आणि फक्त पेटीच्या काठाकडच्या बाजूला लावावा. दुसरी बाजू कोरडीच हवी, नाहीतर पुढच्या वेळी फळी उघडताना कातडे फाटेल. आजकाल जो तो पांढरा डिंक थापतो. तो पुन्हा सोडवताना लाकूडही उचकटते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत.

मग सर्व स्टॉप बंद करून भाता मारावा. आतला भाता भरला की बाहेरचा हाताला अडला पाहिजे. सहज दबत राहिला तर गळती आहे. सांध्याजवळ उदबत्ती फिरवली की धूर जिथे उडेल ती जागा सापडते.

श्रावणातल्या सप्ताहांआधी पेट्यांची गर्दी होते, आणि नेमका तेव्हाच सरस वाळत नाही. म्हणून मंडळांना चैत्र-वैशाखातच पेटी आणायला सांगावे. पावसात काम घेतलेच तर दिवस वाढवून मागावेत, आणि कातडे व मजुरी यांचा हिशेब आधीच वेगवेगळा सांगावा.