समुद्र शांत दिसतो तिथंच धोका जास्त का? समजून घ्या लाटांचं गणित

जोडून सुट्टी आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्या चोर्ला किंवा आंबोली घाट उतरून गोव्याला निघतात. पोहता येणारी माणसंही तिथं बुडतात, ती बहुतेक वेळा पाण्याचा अंदाज चुकल्यामुळं. हा अंदाज बांधायला लाटांचे तीन गुण माहीत हवेत.

लाट वळते

किनाऱ्याजवळ लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. १० मीटर खोलीत ती ताशी सुमारे ३६ किलोमीटरनं धावते, १ मीटर खोलीत जेमतेम ११. तिरकी येणाऱ्या लाटेचं एक टोक आधी उथळ पाण्यात शिरून मंदावतं, दुसरं पुढं सरकतं आणि लाट वळते. लेझीम पथकाची रांग वळताना आतली पोरं लहान पावलं टाकतात, तसंच हे. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वळतो तोही वेग बदलल्यामुळंच.

समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकाभोवती पाणी उथळ असतं. त्यामुळं लाटा दोन्ही बाजूंनी त्या टोकाकडं वळतात आणि सगळा जोर तिथं एकवटतो. वागातोर, हणजुणच्या खडकांवर पाणी उसळतं त्यामागं हेही एक कारण आहे.

लाट पसरते

मुरगाव बंदराला लाटा अडवणारा बांध आहे. पण बांधाच्या टोकाशी आलेली लाट सरळ निघून जात नाही, आडोशामागंही थोडी पसरते. भिंतीपलीकडची हाक ऐकू येते ती याच गुणामुळं. म्हणून आडोशाचं पाणी पूर्ण स्थिर असेल असं धरू नये.

लाटा एकत्र येतात

दोन लाटांचे माथे जुळले की उंची बेरजेत जाते. एक मीटर अधिक एक मीटर म्हणजे दोन मीटर, आणि जोर मात्र एका लाटेच्या चौपट. माथा आणि खळगा जुळले तर पाणी जवळपास सपाट. वेगवेगळ्या लाटा अशा मिसळत असल्यानं बराच वेळ लहान लाटा येतात आणि मग दोन-चार मोठ्या. दहा मिनिटं कोरडा राहिलेला खडक सेल्फीसाठी सुरक्षित नसतो, तो एवढ्याचसाठी.

मग शांत पट्टा धोक्याचा का?

वाळूच्या उथळ बांधावर लाटा फुटतात आणि पाणी किनाऱ्याकडं ढकललं जातं. ते परत जाताना वाळूतली खोलगट वाट धरतं. तिथं खोली जास्त असल्यानं लाटा फुटत नाहीत, फेस दिसत नाही. नवख्याला वाटतं, इथं पाणी निवांत आहे. प्रत्यक्षात तो आत ओढणारा प्रवाह, म्हणजे रिप करंट असतो. जोरात असला तर सेकंदाला २ मीटर. जागतिक दर्जाचा पोहणारासुद्धा त्याच्यापुढं फार काळ टिकणार नाही.

सापडलात तर काय कराल?

- किनाऱ्याकडं सरळ पोहत ताकद घालवू नका. प्रवाह आत नेतो, खाली खेचत नाही.
- तरंगत राहा, हात वर करून मदत मागा.
- जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहा. फेसाळ लाटा लागल्या की त्यांच्यासोबत परता.
- काठावरच्यांनी पाण्यात उडी मारू नये. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ लावा, तरंगेल असं काहीतरी फेका.

पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं उभं राहून बघा, लाटा कुठं फुटतायत आणि कुठं नाही. जीवरक्षकाला विचारायला लाजू नका. आणि जून ते सप्टेंबर समुद्र काठावरूनच बघा.