मोकळा डावा हात

पेटीवाल्याचा उजवा हात गातो आणि डावा भाता मारतो. मुलुंड पूर्वेच्या एका दोन खोल्यांच्या घरात, दर गुरुवारच्या भजनात बसून माझा मित्र एवढंच शिकला होता. १९९१ साली कॉलेजात आमची ओळख झाली तेव्हा त्याचा उजवा हात इतका तयार होता की आम्ही बाकीचे गप्प बसून ऐकत राहिलो. डावा मात्र कीबोर्डच्या कडेला टेकलेला असायचा आणि सूर लांबला की नकळत मागेपुढे हलायचा. नसलेला भाता मारत.

त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील. मुंबईतल्या रॉकचा आढावा घेतला जातो तेव्हा तो गायकांचा आणि गिटारवाल्यांचा असतो, आणि बहुतेक वेळा वांद्र्याच्या अलीकडेच संपतो. कीबोर्डवाला फोटोत मागे उभा असतो, अर्धा झाकलेला. मी स्वतः त्या बँडमध्ये गिटार वाजवत होतो, फोटोत पुढे होतो, म्हणूनच त्याच्या बाजूने लिहिणं माझ्याकडून राहिलेलं काम आहे.

आमचा ड्रमर बोरिवलीचा, गायक अंधेरीचा, मी घाटकोपरचा. सराव साकीनाक्याच्या एका गाळ्यात, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून. घाटकोपर-अंधेरी मेट्रो यायला २०१४ उजाडायचं होतं. मुलुंडहून तो ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आईने शिवलेल्या गोधडीच्या खोळीत घालून मालडब्यातून यायचा, मासळीच्या पाट्या आणि दुधाच्या किटल्यांच्या मध्ये तो उभा धरून. घाटकोपरला उतरलं की रिक्षा. रिक्षावाला खोळीकडे बघून विचारायचा, आत काय आहे? तो म्हणायचा, पेटी. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. मी गिटारची सर्वांत जाड तार छेडून ‘ई’ म्हटलं की तो मान डोलवून म्हणायचा, ‘पांढरी तीन.’ पाश्चात्त्य नावं त्याला येत होती, पण हाताला कळायची ती काळी-पांढरीची भाषा. आमच्या गायकाचा आवाज काळी दोनला खुलतो हे त्यानेच शोधलं. तोवर तो बिचारा दोन वर्षं गळा ताणत होता.

मग आमचा बेसवाला नोकरीसाठी आखाती देशात गेला. दुसरा मिळेना. बेस गिटार विकत घेऊन वर्षभर टिकणारा मुलगा उपनगरात तेव्हा दुर्मीळ होता. बँड बंद पडणार असं वाटत असताना एका रविवारी माझा मित्र ‘डोअर्स’ची कॅसेट घेऊन आला. या बँडमध्ये बेसवाला नव्हता. रे मॅन्झरेक प्रत्यक्ष कार्यक्रमांत उजव्या हाताने ऑर्गन वाजवायचा आणि डाव्या हाताने फेंडर कंपनीचा छोटा पियानो बेस, एकाच वेळी. ‘याचा डावा हात मोकळा आहे,’ तो म्हणाला. ‘माझा पण आहे. भाता तर मशीनच मारतंय.’

सहा महिने तो फक्त डावा हात घासत होता. ज्याने पेटी शिकलेल्या माणसाचा डावा हात जवळून पाहिला असेल त्यालाच हे किती अवघड आहे ते कळेल. त्या हाताला ताल कळतो, दाब कळतो, श्वास कुठे संपतो ते कळतं, पण बोटं सुटी होत नाहीत. पाचही एकत्र जातात. रात्री घरचे झोपल्यावर कीबोर्डचा आवाज बंद करून तो नुसती करंगळी आणि अंगठा यांच्यात फेऱ्या घालायचा. त्याची आई, आमच्या काकू, सांगायच्या की त्यांना अंधारात फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू यायची. सहा महिन्यांनी तो गाळ्यात आला, कीबोर्ड दोन भागांत विभागला, खाली बेस, वर ऑर्गन, आणि वाजवायला लागला. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या. त्या दुपारी आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, ती नजर माझ्या आयुष्यातल्या मोजक्या निखळ आनंदांपैकी एक आहे.

याला आयात म्हणावं असं मला कधी वाटलं नाही. संगीत नाटकाच्या काळात पायपेटी होती, पुढे ऑर्गन आला. पायाने हवा भरायची, दोन्ही हात मोकळे. आजही नाट्यगीताला ऑर्गनची साथ नसेल तर कानाला चुकल्यासारखं होतं. हातपेटी आली, ती मांडीजवळ घेऊन बसता येऊ लागली, घराघरांत गेली, आणि एक हात भात्याला बांधला गेला. तिने पुष्कळ सोसलंही. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी सैल व्हायला तीस वर्षं लागली. गोविंदराव टेंबे ज्या वाद्यावर नावाजले गेले, ते वाद्य इतकी वर्षं रेडिओवर नकोसं होतं. म्हणून मॅन्झरेक ऐकून माझ्या मित्राने जे केलं ते मला मराठी रंगभूमीच्या जुन्या साथीदारांकडे परत जाणंच वाटतं. त्याला हे सांगितलं तेव्हा तो लाजून हसला होता.

रंगभूमी आणि रॉक यांच्यामधली वाट आधी चालून गेलेला एक माणूस होता, नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, कवी निस्सीम इझिकेल यांचा भाचा. अलेक पदमसींच्या १९७४ च्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडास गायला, ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडमध्ये गायले, आणि १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये तोच रॉकचा गळा पुलंच्या मराठीत आणला. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते गेले. आमच्यासारख्या मुलांना ते दूरचे होते, पण मराठी घरात वाढून रॉक गाता येतो एवढं त्यांच्यामुळे ठाऊक होतं. तसाच ‘रॉक मशीन’, पुढे १९९३ पासून ‘इंडस क्रीड’. त्यांचा झुबिन बालापोरिया वाजवायचा तेव्हा माझा मित्र रंगभवनच्या दगडी पायऱ्यांवर अगदी डाव्या टोकाला जाऊन बसायचा, हात दिसावेत म्हणून.

एप्रिल १९९५ मध्ये ‘डीप पर्पल’ मुंबईत आलं. आम्ही दोघांनी तिकिटासाठी तीन महिने पैसे साठवले. त्यांचा जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अँप्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तो आवाज गिटारसारखा फाटतो, गुरगुरतो. परतीच्या शेवटच्या गाडीत माझ्या मित्राने मला ‘चाइल्ड इन टाइम’ची कथा सांगितली. तिची सुरुवातीची ऑर्गनची धून ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या अमेरिकन बँडच्या एका वाद्यरचनेवरून घेतलेली, आणि त्या रचनेचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. घाटकोपर आलं तरी तो हेच बोलत होता. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावाने बाजारात आलं, तेव्हा त्याने मला रात्री साडेअकराला फोन केला.

रॉकवर घर चालत नव्हतं. गणपतीत तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. एका मंडळाने विसर्जनानंतर पैसे देतो म्हणून सांगितलं आणि दिलेच नाहीत. तरी पुढच्या वर्षी तो तिथे गेला, कारण तिथला ढोलकीवाला त्याला आवडायचा. नंतर अंधेरीतल्या स्टुडिओंत मालिकांच्या पार्श्वसंगीताचं काम मिळालं. तिथे त्याला एक गोष्ट छळत राहिली. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला, तेव्हा तो शंभर वादकांच्या ताफ्यातला एक नवा रंग होता. नव्वदच्या दशकाअखेर त्याच जातीची यंत्रं त्या ताफ्याच्या जागी येऊन बसली. ‘मी एकटा बसून व्हायोलिनवाल्यांची अख्खी रांग वाजवतो,’ तो म्हणायचा, ‘आणि ते काका खाली चहाच्या टपरीवर भेटतात.’ २०१६ मध्ये केरसी लॉर्ड गेले त्या रात्री त्याने ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’चा अ‍ॅकॉर्डियन मला फोनवर वाजवून दाखवला, पेटीवर. अ‍ॅकॉर्डियनलाही भाता असतो.

चरणजित सिंग यांच्याबद्दल तो नेहमी हळुवारपणे बोलायचा. चित्रपटांत वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये मुंबईत रोलंडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली, जग चकित झालं, आणि उतारवयात ते युरोपच्या रंगमंचांवर पोहोचले. २०१५ मध्ये ते वारले. ‘पाच वर्षं तरी मिळाली त्यांना,’ माझा मित्र म्हणाला होता.

त्याला स्वतःला तशी मिळाली नाहीत. आजार लवकर वाढला. शेवटच्या महिन्यांत डाव्या हातातली ताकद आधी गेली. मी भेटायला गेलो की तो उजव्या हाताने चादरीवर काहीतरी वाजवत असायचा आणि मला ओळखायला सांगायचा. मी दहातली सात ओळखली.

मागच्या पाडव्याला काकूंनी तो कीबोर्ड माझ्या हवाली केला, त्याच गोधडीच्या खोळीतून. ‘तुझ्याकडे असू दे, इथे धूळ खातोय,’ म्हणाल्या, आणि खोळ मात्र ठेवून घेतली. घरी येऊन वायर लावली. पडद्यावर त्याने साठवलेली पहिली जुळणी आपोआप उजळली. विभागणी होती तिथेच होती, दुसऱ्या सप्तकातल्या पांढरी तीनवर. खाली बेस, वर ऑर्गन. मी गिटारवाला, मला दोन्ही हातांनी वाजवता येत नाही. डाव्या हाताची करंगळी सर्वांत खालच्या पट्टीवर ठेवली आणि बराच वेळ तो एकच सूर धरून बसलो.