नारिंगी शर्ट आणि कॅथलिक शाळा

१९७३ सालची गोष्ट. कॅनडातील फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची आदिवासी मुलगी शाळेला निघाली. आजीने तिला नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला होता. सेंट जोसेफ मिशन या कॅथलिक निवासी शाळेत पहिल्याच दिवशी तिचे कपडे काढून घेतले. तो शर्ट तिला पुन्हा मिळाला नाही.

अशा निवासी शाळांत दीड लाखाहून अधिक आदिवासी मुले घरापासून तोडली गेली. मायबोली बोलली म्हणून मार खाल्ला. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक चर्चच्या होत्या.

२०१५ साली सत्य व सलोखा आयोगाने ९४ शिफारशी केल्या. सरकारी पैसा घेणाऱ्या धार्मिक शाळांनी आदिवासींच्या श्रद्धाही शिकवाव्यात, तो अभ्यासक्रम आदिवासी वडीलधाऱ्यांसोबत बसून ठरवावा, ही त्यातील एक. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात येऊन क्षमा मागितली. आज तेथील अनेक कॅथलिक शाळांत ३० सप्टेंबरला मुले नारिंगी शर्ट घालतात.

हे चांगलेच आहे. परंतु शर्ट एका दिवसाचा असतो. हा अन्याय आपल्याच चर्चच्या शाळांत झाला, हे शिक्षकाने वर्गात स्पष्ट सांगणे, हीच सलोख्याची खरी कसोटी आहे, असे आम्हास वाटते. फिलिसचा शर्ट परत येणार नाही. तिच्या आजीची भाषा मात्र शाळेत सन्मानाने येऊ शकते.