खाण आणि खाणे

दिवाळीत घरोघरी विजेच्या माळा लागतात. बटण दाबावे आणि अंगण उजळावे, इतके ते सोपे झाले आहे. परंतु आपल्या देशातील सुमारे ७० टक्के वीज आजही कोळसा जाळूनच निघते. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापत चालली आहे. तेव्हा कोळसा सोडला पाहिजे, असे शास्त्रज्ञ सांगतात. ते सांगणे खरेच आहे. मात्र मराठीच्या अध्यापकाचे लक्ष शब्दांकडे आधी जाते. ‘खाण’ आणि ‘खाणे’ यांचे धातू वेगळे. एकाचा खन्, दुसऱ्याचा खाद्. पण खाणकामगाराच्या घरी हे दोन शब्द असे जोडलेले असतात की, पहिला पुसला तर दुसराही पुसला जातो. कोळशाच्या राजकारणाचे सारे मर्म एवढ्यातच आहे.

इंग्लंडचेच उदाहरण घ्या. १९२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये बारा लाखांच्या आसपास खाणकामगार होते. १ जानेवारी १९४७ रोजी खाणी सरकारच्या झाल्या. पुढे मार्च १९८४ मध्ये सरकारी कोळसा मंडळाने तोट्यातल्या वीस खाणी बंद करण्याचा बेत सांगितला आणि संपाचा वणवा पेटला. एका बाजूला कामगारपुढारी आर्थर स्कारगिल, दुसऱ्या बाजूला पंतप्रधान मार्गारेट थॅचर. दोघेही माघार घेणाऱ्यांतले नव्हते. वर्षभर चुली थंडावल्या. गावोगावच्या बायकांनी सार्वजनिक स्वयंपाकघरे चालवून संसार तगवले. मार्च १९८५ मध्ये कामगार रिकाम्या हातांनी कामावर परतले आणि पुढल्या दहा वर्षांत बहुतेक खाणी मिटल्या.

गंमत अशी की, या साऱ्यात हवामानाचा संबंध नव्हता. हिशेब होता तो नफातोट्याचा. थॅचरबाईंनी संयुक्त राष्ट्रसंघात पृथ्वीच्या हवामानावर भाषण केले ते नोव्हेंबर १९८९ मध्ये. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचे वीजकेंद्र थांबले आणि १८८२ साली लंडनमध्ये सुरू झालेला कोळशाच्या विजेचा अध्याय तिथे संपला. हवेच्या दृष्टीने हा विजय खराच; पण वेल्स आणि यॉर्कशायरमधल्या खाणगावांना त्याची किंमत कितीतरी आधीच मोजावी लागली होती, आणि तीही एकट्यांनी.

जर्मनीने दुसरी वाट धरली. रूरच्या खोऱ्यातला कोळसा १९५८ पासून महाग पडू लागला; बाहेरचा कोळसा आणि तेल स्वस्त होते. तिथेही कामगार रस्त्यावर उतरले. परंतु सरकार, मालक आणि संघटना एका टेबलाशी बसल्या. जिथे पूर्वी विद्यापीठ नव्हते त्या बोखुममध्ये १९६५ साली विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. २००७ मध्ये ठरले की, दगडी कोळशाच्या खाणी २०१८ अखेर बंद करायच्या. म्हणजे अकरा वर्षांची पूर्वसूचना! वयस्कांना लवकर निवृत्तिवेतन, तरुणांना नवे शिक्षण. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोपच्या खाणीतून निघालेला शेवटचा कोळसा कामगारांनी राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती ठेवला. पुढे २०२० मध्ये लिग्नाइटसह सगळी कोळशाची वीज उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवण्याचा कायदा झाला आणि खाणींच्या प्रदेशांसाठी ४,००० कोटी युरोपर्यंतची तरतूद झाली.

म्हणून तिथे सारे आलबेल आहे, असे मात्र नव्हे. रूरमधल्या गेल्सेनकिर्शेनसारख्या शहरात बेकारी अजून देशाच्या सरासरीहून बरीच अधिक आहे, आणि २०३८ ही तारीख फार लांबची, अशी निसर्गप्रेमींची तक्रार आहे. पण भाकरीचा प्रश्न तिथे आधी विचारला गेला, हे विसरता येत नाही.

तो न विचारल्यास काय होते, हे अमेरिकेत दिसले. स्वस्त नैसर्गिक वायू आणि यंत्रे यांनी तिथल्या खाणीतल्या नोकऱ्या खाल्ल्या. दोष मात्र पर्यावरणाच्या कायद्यांवर आला. २०१६ च्या निवडणुकीत ट्रंप यांनी त्या नोकऱ्या परत आणण्याचे वचन दिले आणि खाणप्रदेशाने त्यांना भरभरून मते दिली. त्यांची पहिली कारकीर्द संपली तेव्हा नोकऱ्या आधीपेक्षाही कमी झाल्या होत्या. उपाशी माणसाला खोटी आशाही गोड लागते.

आता आपल्या दाराशी येऊ. चंद्रपूर, वणी, उमरेड हा आपला कोळशाचा मुलूख. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांवर गेले, तेव्हा उद्याच खाणींना कुलूप लागणार नाही. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे दिले आहे. पण अडचण दुहेरी आहे. सूर्याच्या विजेची मोठी केंद्रे मुख्यतः राजस्थान-गुजरातकडे, आणि कोळसा मध्य व पूर्व भारतात. इथली गेलेली नोकरी तिथे उगवली तरी वणीच्या माणसाला तिचा काय उपयोग? शिवाय कायम कामगाराला निवृत्तिवेतन तरी आहे. ठेकेदाराकडचा मजूर, डंपरचा चालक, फाटकाबाहेरचा चहावाला यांची नावे नुकसानभरपाईच्या कोणत्या वहीत लिहायची?

हवा शुद्ध व्हावी, असे आपणा शहरवासीयांना मनापासून वाटते. मग तिचा खर्च आपल्या वीजबिलात आणि करात थोडा थोडा येऊ देण्याचीही आपली तयारी हवी. आज वणीच्या शाळेत पहिलीत बसलेले पोर २०७० साली पन्नाशीत असेल. त्याच्या हाताला कोणते काम द्यायचे, हे ठरवायला आज वेळ आहे. इंग्लंडच्या खाणगावांना तेवढाच मिळाला नव्हता.