इनामगावच्या मातीपासून संदर्भसूचीपर्यंत

न्हावरे म्हटलं की ऊस आणि घोडगंगा साखर कारखाना आठवतो. न्हावऱ्याच्याच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती मातीखालून निघाली. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ दरम्यान हे उत्खनन केलं. शंभरावर घरं, पाण्यासाठी खोदलेला पाट, घराच्या जमिनीत कुंभांमध्ये पुरलेली लहान मुलं. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात तर चार पायांच्या पोटफुगीर रांजणात बसवलेला प्रौढ पुरुष सापडला. बाकी प्रौढांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडण्याची रीत होती, याची मात्र शाबूत होती. तो गावचा मुखिया असावा, असं उत्खननकारांचं अनुमान.

आता न्हावऱ्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला या लोकांच्या आहारावर प्रकल्प करायचा आहे. त्याने मोबाइलवर नुसतं ‘इनामगाव’ टाकलं, तर ग्रामपंचायत, पिनकोड, हवामान असं बरंच काही पुढे येणार. दोष यंत्राचा नाही, प्रश्न मोघम आहे. अभ्यासक या काळाला ताम्रपाषाणयुग आणि इथल्या मुख्य संस्कृतीला जोर्वे म्हणतात. हे शब्द गावाच्या नावाला जोडले, रोमन लिपीतही टाकून पाहिले आणि नेमकी शब्दजोडी दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवली, की गर्दी एकदम ओसरते. संशोधनपर लेखन शोधणारं गुगल स्कॉलर हाताशी असेल तर उत्तमच.

खरी गंमत पहिला भक्कम ग्रंथ सापडल्यावर सुरू होते. इथे तो म्हणजे १९८८ साली प्रसिद्ध झालेला उत्खनन अहवाल. तो पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. अनुक्रमणिका पाहून थेट मु. दि. काजळे यांच्या वनस्पती-अवशेषांवरच्या प्रकरणाकडे जावं. सातू हे इथलं प्रमुख धान्य कसं ठरलं ते तिथे आहे. मग शेवटची संदर्भसूची उघडावी, म्हणजे आधी कोणी काय लिहिलं ते कळतं.

सूची मागे नेते. पुढे जायला स्कॉलरमधली ‘सायटेड बाय’, म्हणजे हा ग्रंथ नंतर कोणी उद्धृत केला ते दाखवणारी ओळ. तिथून २०११ सालचं ग्वेन रॉबिन्स शुग यांचं पुस्तक हाती लागतं. कोरडं होत गेलेलं हवामान आणि वस्तीची उतरती कळा यांची सांगड ढवळीकरांनी घातली होती. शुग यांनी ती मुलांच्या सांगाड्यांवरून पुन्हा तपासली. नुसता अहवाल वाचून थांबणारा या वादाला मुकतोच. पीएच.डी.चे प्रबंध हवे असतील तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘शोधगंगा’ आहे, तीही फुकट. आपल्याकडे ती पुरेशी वापरली जात नाही.

विषय पेशवाईतल्या न्हावऱ्याचा असेल, तर मात्र हे सगळं कसब थिटं पडतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले, बहुतेक मोडी लिपीत, आणि त्यांची मांडणी त्या वेळच्या कारभाराच्या सोयीने झालेली. गावाचं नाव टाकून कागद हाती येईल, अशी सोय तिथे नाही. गो. स. सरदेसाईंनी १९३० पासून निवडक कागदांचे ४५ खंड छापले, त्यांच्या सूची आधी चाळाव्यात. त्यानंतर कारकुनाच्या डोक्याने विचार करायचा: हा मजकूर वसुलीत गेला असेल, इनामात की रोजच्या नोंदींच्या रोजकीर्दीत?