क्रीडांगणावरील समूहगीताची निवड

महाविद्यालयीन सामन्यांत प्रेक्षकांनी म्हणावयाचे गीत निवडताना प्रथम अर्थाकडे लक्ष जाते. वस्तुतः ते जमावाच्या कंठाला झेपणे ही पहिली कसोटी होय. सरावावाचून गाणाऱ्या समूहास लहान पालुपद व ठळक लय साधते. लांब कडवी मध्येच विरून जातात.

सोलापूरनजीकच्या कुंभारीसारख्या ठिकाणी, जेथे मराठी, कन्नड व तेलुगू भाषा शेजारी नांदतात, दुसरी कसोटी लागते. एकाच भाषेतील शब्दबहुल गीत प्रेक्षकांतील इतरांना मुके करते. या अडचणीवर कुस्तीच्या मैदानात तोड सापडते. तेथे हलगी शब्दांवाचून सर्वांस एका ठेक्यावर आणते. त्याच ठेक्यात दोन-तीन शब्दांची हाक व तिचे प्रत्युत्तर बसविल्यास भाषाभेद आड येत नाही.

तिसरी कसोटी पुनरावृत्तीची. १९४५ च्या 'कॅरोसेल' या संगीतिकेतील 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गीत खेळासाठी रचलेले नव्हते आणि त्याची चालही उंच चढते. तथापि १९६३ मध्ये त्याची नवी ध्वनिमुद्रिका निघाल्यावर लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर ते वारंवार वाजले आणि प्रेक्षकांनी आपलेसे केले. तात्पर्य, समितीने गीत सुचवावे. त्याची परंपरा करणे प्रेक्षकांच्याच हाती असते.