हादग्याच्या फेराचे मूळ : मौखिक साधनांचा विचार

पोथ्यांच्या संग्राहकांस मौखिक परंपरा हे साधन सहसा डळमळीत वाटते. तथापि ज्या विधीचे ज्ञान मुख्यतः स्त्रियांच्या कंठी राहिले, त्याचे मूळ शोधावयास दुसरा मार्ग कोणता? लोहारा व आसपासच्या मुलखाकडे दृष्टी ठेवून हादग्याचा विचार येथे करीत आहो.

आश्विनात, हस्त नक्षत्राच्या सुमारास, पाटावर हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरतात. गाण्यांत सासर-माहेरचा संसार आहे व त्यांची भाषा अर्वाचीन आहे. यावरून विधीही अर्वाचीन ठरविणे युक्त नव्हे. शब्द मुखागणिक पालटतो. कृती त्या मानाने स्थिर राहते. म्हणून फेर, हत्ती व ऋतू यांची साक्ष आम्ही अधिक बळकट मानतो.

हस्त म्हणजे हात. वैदिक नक्षत्रगणनेत त्याची देवता सविता. मग हत्ती कोठून आला? हस्त म्हणजे सोंडही, व ती ज्यास आहे तो हस्ती. शब्दसाम्याने नक्षत्राचा हत्ती झाला असावा, आणि गज हे मेघाचे व समृद्धीचे चिन्ह म्हणून तो टिकला असावा. गजलक्ष्मीस न्हाऊ घालणारे हत्ती सर्वांस ठाऊकच आहेत. या पावसावर रब्बीची ओल अवलंबून. त्याच सुमारास नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात. विदर्भ-खानदेशातील भुलाबाईच्या गाण्यांत तर देवीचे डोहाळे व बाळंतपण उघडच येते. भूमी व स्त्री यांच्या सुफलतेचे हे एकच सूत्र होय, असे आमचे मत आहे. याच जिल्ह्यात तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे लज्जागौरीच्या प्रतिमा मिळाल्या आहेत. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात मूर्ती, ग्रंथ व लोकाचार यांची सांगड घातली. तीच रीत येथे उपयोगी पडते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, ऐन हस्तात, भूकंपाने सास्तूर व आसपासची गावे पाडली. घरांखाली माणसे गेली. कंठातील गाण्यास दुसरी प्रत नसते.

म्हणून संग्राहकांस विनंती की, गाणे उतरून घेताना गाणारीचे वय, तिचे माहेर व ते कोणाकडून शिकली, हे अवश्य टिपावे. सून गाणे माहेराहून आणते. लोहाऱ्यात ऐकलेले गाणे कदाचित सोलापूर वा कलबुर्गीकडील असेल. पोथीस जशी पुष्पिका, तसे गाण्यास माहेर. ते न टिपल्यास गाणे हाती राहील, पण त्याचा माग मात्र कायमचा बुजेल.